मिनी लेथ आणि मिलिंग मशीन: पहिला कट घेण्याआधी

खोक्यातून निघालेला मिनी लेथ (धातूचं काम फिरवत टूलने कापणारं छोटं यंत्र) हा तयार लेथ नव्हे, अर्धवट जोडलेला संच आहे, असं धरूनच मी कामाला लागलो. 180 मिमी स्विंग (बेडवर फिरू शकेल तो जास्तीत जास्त व्यास), दोन सेंटरमध्ये 350 मिमी अंतर, वजन साधारण 40 किलो. गंज रोखणारं चिकट ग्रीस रॉकेल आणि ब्रशने काढलं. टूल आडवं सरकवणारी क्रॉस स्लाइड आणि तिच्यावरची, कोनात वळणारी कंपाउंड स्लाइड सोडवून धुतल्या, कारण त्या ग्रीसमध्ये ग्राइंडिंगचा चुरा अडकून राहतो. तसंच हँडल फिरवलं तर तो बेडला, म्हणजे खालच्या सरकपट्ट्यांना, पॉलिश पेपरसारखा घासतो. धुतल्यावर लगेच तेलाचा हात फिरवला. उघडं बीड (ओतीव लोखंड) गंजायला वेळ लागत नाही.

मग गिब, म्हणजे स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी. लॉकनट सैल करून प्रत्येक स्क्रू स्लाइड जड होईपर्यंत आवळायचा आणि किंचित मागे घ्यायचा. लॉकनट आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवावा लागतो, नाहीतर तोही नटाबरोबर फिरतो आणि सगळं पहिल्यापासून. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूमधला खेळ (दिशा बदलताना हँडल थोडं फुकट फिरतं ती ढिलाई) मात्र शून्य होत नाही. माप पुढे गेलं तर हँडल अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे येतो, म्हणजे खेळ नेहमी एकाच बाजूला राहतो. डायल त्रिज्या दाखवतो की व्यास, हेही एक कट घेऊन मोजलं. 0.1 पुढे गेल्यावर व्यास 0.2 ने कमी झाला, तर डायल त्रिज्येचा.

जास्त वेळ गेला तो बेडचा पीळ काढण्यात. लेव्हलच्या बुडबुड्यावर मी भरवसा ठेवला नाही. लेथ तिरका असला तरी चालतो, पिळलेला चालत नाही. 25 मिमीचा बार चकमधून (काम पकडणाऱ्या जबड्यांतून) 100 मिमी बाहेर काढला, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) न लावता. मधला भाग बारीक करून दोन टोकांना कॉलर (जाड कड्या) ठेवल्या आणि धारदार टूलने, क्रॉस स्लाइडच्या हँडलला हात न लावता, दोन्हींवरून 0.05 मिमीचा एकच कट घेतला. खोल कट घेतला तर बार वाकतो आणि बाहेरची कॉलर उगाच मोठी दिसते. मायक्रोमीटरवर बाहेरची कॉलर 0.04 ने मोठी निघाली, म्हणजे त्या टोकाला टूल 0.02 मागे होतं. टेलस्टॉककडच्या, आपल्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घालून बोल्ट आवळला आणि पुन्हा कट घेतला. असं चार वेळा झालं. टेलस्टॉक यानंतरच जुळवायचा. आधी जुळवला तर चूक लपते.

टूलची उंची स्टीलच्या पट्टीने पाहिली. टूलचं टोक आणि गोल बार यांत पट्टी हलकेच दाबायची. उभी राहिली तर टूल सेंटरवर (बारच्या मध्याच्या उंचीवर), वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली. फेसिंगनंतर (बारचं टोक सपाट कापल्यावर) मध्ये बोंड उरलं तरी कारण तेच. वेगाचा हिशोब: एचएसएस (हायस्पीड स्टील) टूल, माइल्ड स्टील, मिनिटाला 25 मीटर, तर 25 मिमी व्यासाला सुमारे 320 आरपीएम. खरखर आवाज आला की आधी टूलचा बाहेर काढलेला भाग कमी करतो आणि वेग उतरवतो. त्याच वेळी फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करण्याचा मोह टाळतो, कारण टूल कापण्याऐवजी घासू लागलं की खरखर वाढते.

मिलिंग मशीनवर (इथे कटर फिरतो) हेच काम थोडक्यात झालं. हेड टेबलाला काटकोनात आहे का, ते पाहायचं होतं. स्पिंडलला डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) अडकवून टेबलावर डावी-उजवीकडे 100-100 मिमीवर फिरवला. कॉलमचा नट आवळताना हेड सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासायचं. फ्लाय कटरच्या (एकाच टूलने मोठा पृष्ठभाग सपाट करणाऱ्या कटरच्या) खुणा जाळीदार उमटल्या तर हेड सरळ, एकाच दिशेच्या असतील तर तिरकं. मग इंडिकेटरनेच व्हाइसचा स्थिर जबडा टेबलाच्या सरकण्याशी समांतर केला. क्लाइम्ब मिलिंग, म्हणजे कटर फिरतो त्याच दिशेने काम सरकवणं, मी या मशीनवर करत नाही. कटर काम स्वतःकडे ओढतो, स्क्रूमधला सगळा खेळ एका झटक्यात संपतो आणि बारीक एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) तुटतं.