काकू म्हणजे काका

२१ फेब्रुवारी, रात्री उशिरा

सकाळी खाली गेले तर काकीमा (घरमालकीण) फोनवर कोणाला तरी हिंदीत सांगत होत्या, "मेरा बेटी कल आया". कलकत्त्यात आले तेव्हा हे असलं ऐकून मनातल्या मनात हसायचे, आता नाही हसत, कारण बांगला शिकायला घेतल्यावर कळलं की यांच्या क्रियापदाला लिंगच नाही, मुलगा आला काय नि मुलगी आली काय दोघांनाही 'एशेछे', आणि तो-ती दोघांना मिळून एकच 'शे'. म्हटलं चला, सोपंय. कसलं सोपं! लिहायचं लक्ष्मी आणि म्हणायचं 'लोक्खी', श ष स लिहिताना तीन पण बोलताना बहुतेक वेळा नुसता श. पाणीसुद्धा 'खातात', सिगारेटही. आपण हवा खातो, मार खातो, त्यामुळे आपण गप्प बसावं. आणि सगळ्यात कहर म्हणजे काकांना 'काकू' म्हणायचं, ते अजूनही माझ्या तोंडून नीट निघत नाही.

तर काकू (काका!) आज आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिवस म्हणून रंगात होते. १९०७ मध्ये हरप्रसाद शास्त्री या बंगाली पंडितांना नेपाळच्या दरबारी ग्रंथसंग्रहात चर्यापदांची (जुन्या बौद्ध गाण्यांची) पोथी सापडली, ती म्हणे बांगलातली सगळ्यात जुनी कविता. मी म्हटलं, पण आसामी आणि उडियावाले पण ती आपलीच म्हणतात ना? जरा गप्प झाले, मग म्हणाले, मागधी प्राकृतातून आलेली भावंडं आहेत, भांडणारच.

ढाक्याचं १९५२ माहीत होतं, आजचा दिवस त्याच्याच आठवणीचा, पाकिस्तानात उर्दू एकटीच राजभाषा नको म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. पण सिलचर? १९ मे १९६१, आपल्याच आसामात, बांगलासाठी ११ जण गेले, आणि मला हे आज, या वयात कळतंय. कुठल्या धड्यात होतं का हे? मला तर आठवत नाही.

मग मी पण सांगून टाकलं की ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी आणि बांगलाला एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. काकीमांना त्याचं काही नाही, त्यांना माझ्याकडून मराठी शिकायचीय. खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो... का पण? मी काहीतरी थातुरमातुर बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चा खाबे?"