पंपाचं वॉशर आणि कृपादान

रविवार, रात्र. आषाढ. पाऊस दुपारीच उघडला.

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय होता. दहावं वचन: ज्याला जे कृपादान मिळालं, ते त्यानं चांगल्या कारभाऱ्यासारखं एकमेकांच्या सेवेला लावावं. हे वचन वाचलं की खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत नजरा पेटीवाल्याकडे आणि उपदेशकाकडे वळतात, बाकीचे निवांत बसतात. कृपादान म्हणजे गाणं, नाहीतर बोलणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. गाणं दान आहेच. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि आपली कविता, आपलं कीर्तन प्रभूच्या पायी वाहिलं, म्हणून मराठी मंडळीला आपल्या चालीवर भजन म्हणता येतं. पण रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातली यादी काढून पाहावी: संदेश, सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारपण, दया. पेटी तिथं कुठंच नाही.

कारभारी हा शब्द आपल्याकडे नीट कळावा असा आहे. सालदाराच्या हाती मालकाची बैलजोडी असते. जोडी त्याची नव्हे, पण वखरणीच्या दिवशी ती गोठ्यात बांधून ठेवली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तिसरा चाकर हेच करून बसला: मालकानं सोपवलेला एक तालांत त्यानं जमिनीत पुरून ठेवला. त्याला थोडकं मिळालं म्हणून आपण त्याची कीव करतो, ती उगाच. मूळ ग्रीक शब्द तालांतोन, म्हणजे वजन, चांदीचं तीसेक किलो. त्याचे होतात सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मळ्यातल्या मजुराची एका दिवसाची रोजी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर 20 वर्षांची मजुरी त्यानं खड्डा खणून पुरली. ‘माझ्यापाशी काय आहे जी, मी तर अडाणी’ म्हणणाऱ्यानं हा हिशेब एकदा बोटांवर करावा.

तर आपल्यापाशी काय आहे? हा प्रश्न असा विचारला की माणसं गप्प होतात, किंवा ‘प्रार्थना’ म्हणतात. विचारायचं वेगळं. लोक कोणत्या कामासाठी तुमच्या दाराशी येतात? हे ज्याचं त्याला सांगता येत नाही, शेजाऱ्याला येतं. म्हणून महिला मंडळात आणि युवक संघात प्रत्येकीनं दुसरीचं, प्रत्येकानं दुसऱ्याचं सांगावं. अर्ध्या तासात वही भरते: हा मोटर बांधतो, ही ब्लाउज शिवते, तिला बाळंतिणीपाशी रात्र काढता येते, त्याचा हिशेब चुकत नाही. त्यापुढे दोनच रकाने ठेवायचे, महिन्यात किती वेळ देता येईल आणि हाताखाली कोण शिकतंय. दुसरा रकाना बहुधा कोराच राहतो, त्याचं खाली लिहितो.

आता जुलै आहे. निंदण चालू आहे, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याखाली आहे. महिनाभरात गावात घरोघर फवारणीचे पंप निघतील. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी-मजूर दगावले. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती आणि फवारा तोंडावर येत होता. कृपादानाचा विचार वावरात न्यायचा तर मला पंपापासूनच सुरुवात करावीशी वाटते. निर्गमाच्या 31 व्या अध्यायात देवानं आपल्या आत्म्यानं भरलेला बसालेल हा कारागीर होता, सोनं-चांदी-पितळ, लाकूड आणि दगड यांत काम करणारा. मिस्त्रीच्या बोटांनाही तो अध्याय लागू आहे.

पाठीवरचा पंप साध्या पाण्यानं तपासायचा, औषधानं कधीच नाही. 16 लिटरची टाकी खुणेपर्यंत भरायची, झाकण आवळायचं आणि ती पुढे-मागे तिरपी करून पाहायची, कारण वावरात माणूस वाकला की टाकीही वाकते. मग पाठीच्या बाजूला कोरडं सुती फडकं बांधून दहा मिनिटं पंप चालवायचा. फडकं ओलं झालं की गळती शोधायची ती तीन जागी: झाकणाचं रबर, टाकीच्या तळाशी नळी बसते तो जोड, आणि फवारायच्या गनच्या मुठीतली ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी. रबर कडक होऊन चिरलं असेल तर ग्रीस चोपडून भागत नाही, बदलावंच लागतं. जोडावर सुतळी गुंडाळायची सवय मोडायची. सुतळी औषध पिऊन ठेवते आणि दिवसभर कंबरेवर सोडत राहते. ‘थोडसं झिरपते, काई होत नाई’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. घामानं भिजलेल्या कातडीवर, ओल्या सदऱ्याखाली ते थोडसं पाच-सहा तास बसलेलं असतं.

नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, सुईही घालायची नाही. सुईनं भोक मोठं होतं, थेंब जाड पडतात, औषध जास्त जातं आणि अळी तरी मरत नाही. जुना दातांचा ब्रश आणि पाणी पुरे. जुनं नोझल झिजलं का ते पाहायला एक मिनिट बाटलीत पाणी सोडायचं. नव्या नोझलपेक्षा दहावा हिस्सा जास्त भरलं तर ते फेकून द्यायचं. टाकीच्या तोंडावरची गाळणी ‘भरायला वेळ लागतो’ म्हणून काढून टाकलेली असते, ती परत बसवायची. बरीच नोझलं तिच्याअभावी तुंबतात. बॅटरीचा पंप असेल तर मिस्त्रीनं एक गोष्ट बजावून सांगावी: हंगाम संपला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की पुढच्या जुलैत उठत नाही.

दुसरं काम शिवणाऱ्या बाईचं. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात दुर्कस वारली तेव्हा विधवांनी पेत्राला तिनं शिवलेले अंगरखे दाखवले. तिनं काय उपदेश केला हे तिथं कुणी सांगत बसलं नाही. फवारणाऱ्याला पाठीसाठी प्लास्टिकच्या पन्नीचा पदर हवा: तीन फूट लांब, दोन फूट रुंद, वर खांद्यावरून आणि खाली कमरेला बांधायला नाड्या. इथं शिवणाऱ्या हाताची परीक्षा होते. ब्लाउजसारखे बारीक टाके घातले की पन्नी टाक्यांच्या रेषेवर कागदासारखी फाटते. टाका सगळ्यात लांब ठेवायचा, काठाला सुती गोट लावायचा आणि नाडी गोटात धरायची, पन्नीत नाही. पाठीच्या मधोमध एकही शिवण नको. भोक तिथं सुईचं, झिरप तिथं विषाची. जुन्या जाड शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत वाढवून दिल्या तर आणखी बरं. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत हेही तिनंच सांगावं, बायका ते तिचंच ऐकतात.

तिसरं, वाचता येणाऱ्याचं. दहावीतली पोरगीसुद्धा हे करू शकते. औषधाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं गावात समजतात, ते चूक. तोही विषच, फक्त सौम्य. उताऱ्याचं औषध डब्याच्याच कागदावर छापलेलं असतं, म्हणून विषबाधेचा संशय आला तर कपडे उतरवून साबण-पाण्यानं अंग धुवायचं, 108 ला फोन लावायचा आणि डबा किंवा त्याचा कागद सोबत न्यायचा. उलटी काढायची घाई करायची नाही. दुकानदार सांगतो म्हणून दोन-तीन औषधं एका टाकीत घालण्याआधी सगळे डबे वाचून दाखवणं ही रोमकरांस पत्रातली शिक्षणाची सेवाच आहे, व्यासपीठ नसलेली.

यात बिघडतं कुठं, तेही लिहून ठेवतो. मिस्त्रीचं कसब हीच त्याची भाकर आहे. ‘देवाचं काम’ म्हणून मंडळी त्याला बारा महिने फुकट राबवते, आणि दोन वर्षांत तो उपासनेला यायचा थांबतो. प्रेषित पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत. म्हणून हद्द आधीच ठरवावी: फवारणीआधीचे दोन शनिवार त्याचे, वॉशर-नोझलचा खर्च दानार्पणातून, बाकीच्या दिवशी गिऱ्हाईक त्याचं आणि मजुरीही त्याची. वेचणीच्या दिवसांत कुणालाच काही मागू नये.

हाताखाली कोण शिकतंय, त्या कोऱ्या रकान्याचं असं, की दान हळूहळू हुद्दा होतं. पेटीवाला पेटीला हात लावू देत नाही, हिशेबवाला वही दाखवत नाही. याला रागावून उपयोग नसतो. प्रत्येक पंप उघडताना दुसरा हात जवळ हवा, आणि तिसऱ्या पंपापासून तो दुसऱ्यानंच उघडायचा. पहिल्यानं पाना खाली ठेवून नुसतं पाहायचं. हे त्याला दुरुस्तीपेक्षा जड जातं.

आणि एक. पंप गावातल्या सगळ्यांचे घ्यायचे. मंडळीतले मोजकेच असतील, बाकी अख्खं गाव. दुरुस्त पंपाच्या पट्ट्याला धर्मप्रचाराची पत्रिका बांधायची नाही. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमेवर तेल-द्राक्षारस ओतला, उतारशाळेत दोन दिनार दिले आणि तो पुढे गेला. कुणी विचारलं तर सांगावं, न विचारता पंपासोबत देऊ नये. यावर मंडळीत वाद होईल, होऊ दे.

शनिवारच्या आधी आणायचं: झाकणाची रबरं 10, गनच्या ओ-रिंगा दोन मापांच्या, नोझल 12, नळीच्या क्लिपा, जाड पन्नी 15 फूट, गोटाला जुनं धोतर. मोजायला एक लिटरची खुणा केलेली बाटली, आणि ती औषधाची नको, पाण्याची.