काउंटीच्या सभेतली दोन मिनिटे आणि लेकीचे आपत्ती प्रशिक्षण : माझा अनुभव

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापुरातल्या आमच्या घरात फळीवरची भांडी खाली आली. मामा मदतीला गेले आणि चार दिवसांनी परतले, तेव्हा त्यांच्या नखांत माती आणि रक्त एकत्र सुकलेले होते. ‘दगड कुठून उचलायचा, हेच आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते,’ एवढेच ते बोलले.

आता मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळ राहते. तीही भूकंपाचीच भूमी आहे. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात येथे ६३ माणसे गेली. त्यामुळे माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘टीन सर्ट’ या प्रशिक्षणाचे नाव काढले तेव्हा मी लगेच होकार दिला. सर्ट म्हणजे कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम, आपत्तीत मदतीला धावणाऱ्या सामान्य नागरिकांचे पथक; ‘टीन सर्ट’ हा त्याचा किशोरवयीन मुलांसाठीचा वर्ग. १९८५ च्या मेक्सिको सिटीतील भूकंपात सामान्य नागरिकांनी आठशेहून अधिक लोकांना ढिगाऱ्यातून बाहेर काढले, पण प्रशिक्षण नसल्यामुळे शंभराच्या आसपास स्वयंसेवक स्वतःच प्राणास मुकले. त्यापासून धडा घेऊन लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांसाठी हा वर्ग सुरू केला आणि १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने तो देशभर नेला.

नावनोंदणी झाली, पालकांचे संमतिपत्र दिले, आणि दोन आठवड्यांनी निधीअभावी मुलांचा वर्ग रद्द झाल्याचे कळले. हा निधी काउंटीचा होता. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा, आणि तिचा कारभार पाच निवडून आलेले सुपरवायझर पाहतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मंगळवारच्या सभेला गेले, बोलण्यासाठी चिठ्ठी भरून दिली आणि नाव पुकारल्यावर माइकसमोर उभी राहिले. दोन मिनिटे मिळाली. समोरचा हिरवा दिवा पिवळा झाला, मग लाल झाला. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचे नाव पुकारले. पाचांपैकी एकानेही एक शब्द उच्चारला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

बाहेर पडताना सभेच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या बाईंनी मला थांबवून जे सांगितले, ते मला आधी माहीत असते तर एक फेरी वाचली असती. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन ॲक्ट नावाचा कायदा आहे. त्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि जो विषय पत्रिकेवर नाही त्यावर सदस्यांना चर्चा करता येत नाही की निर्णयही घेता येत नाही. लोकांच्या पाठीमागे काही ठरू नये यासाठी केलेल्या या नियमामुळेच त्या दिवशी ते गप्प होते. ‘१ जुलैला आर्थिक वर्ष सुरू होते, म्हणून जूनमध्ये अंदाजपत्रकाच्या सुनावण्या असतात. तेव्हा या, आणि त्याआधी तुमच्या विभागाच्या सुपरवायझरांना पत्र पाठवा,’ असे त्यांनी सांगितले.

तेव्हापासून मी दर शुक्रवारी संध्याकाळी विषयपत्रिका वाचू लागले. जूनमध्ये आमचा विषय आला, पण तो ‘कन्सेंट कॅलेंडर’मध्ये होता. नित्याचे मानले गेलेले विषय या यादीत असतात आणि ते चर्चेविना, एकाच मतदानात मंजूर होतात. जे बोलायचे ते त्या मतदानाआधीच बोलावे लागते. आमच्या विषयात काउंटीच्या आपत्ती विभागाचा निधी होता, पण मुलांच्या वर्गाचा उल्लेख नव्हता. या वेळी बोलायला माझी मुलगी उभी राहिली. ‘भूकंप शाळेच्या वेळेत झाला तर आमच्या वर्गात तीस मुले असतील आणि मोठे माणूस एकच असेल,’ असे ती म्हणाली. आमच्या विभागाच्या सुपरवायझरांनी तो विषय यादीतून वेगळा काढायला लावला आणि अधिकाऱ्यांना मुलांच्या वर्गाबद्दल विचारले. वीस मिनिटांनी त्या वर्गाच्या तरतुदीसह ठराव मंजूर झाला.

प्रशिक्षण सुमारे वीस तासांचे होते. आग विझवणे आणि प्रथमोपचार मुलांनी चटकन आत्मसात केले. गॅसच्या मीटरवरचा खटका पाव वळसा फिरवून नळीला आडवा केला की पुरवठा बंद होतो. पण वास किंवा फुसफुस आली तरच तो बंद करायचा, कारण एकदा बंद केल्यावर गॅस कंपनीच्या माणसानेच तो सुरू करायचा असतो. लेकीने घरी येऊन पाना तारेने मीटरजवळच बांधून ठेवला. त्यानंतरचा वर्ग ढिगाऱ्याचा होता आणि मी तो दाराशी उभी राहून पाहिला. पहारीखाली टेकू द्यायचा, काँक्रीटचा तुकडा इंचभर उचलायचा, आणि तेवढ्याच उंचीचा लाकडी ठोकळा लगेच खाली सरकवायचा. ठोकळे आडवे-उभे रचत चौकट वर येते आणि मगच माणूस बाहेर ओढायचा. दगड कुठून उचलायचा, हे पंधरा वर्षांची मुले शिकत होती. मामा आज हयात नाहीत. ते त्या दाराशी माझ्या शेजारी असायला हवे होते, असे मला फार वाटले.

शेवटच्या सरावात जखमी होण्यासाठी पालकांना बोलावले होते. मांडीवर लाल रंग लावून मी शाळेच्या व्यायामशाळेत एका उलट्या बाकाखाली पडून राहिले. ज्यांना चालता येते त्यांनी आवाजाच्या दिशेने यावे, अशी हाक आली आणि बरेचजण उठून गेले. मग हिरवे शिरस्त्राण घातलेली माझीच मुलगी माझ्याजवळ वाकली. तिने माझा श्वास मोजला. तो मिनिटाला तीसच्या आत होता. तिने माझे नख दाबून सोडले आणि दोन सेकंदांत रंग परततो का, ते पाहिले. मग एखाद्या परक्या बाईला विचारावे तसे म्हणाली, ‘माझा हात दाबून दाखवता का?’ मी दाबला. तिने माझ्या मनगटाला पिवळी फीत बांधली, म्हणजे मी थांबू शकत होते, आणि मागे वळून न पाहता ती शेजारी पडलेल्या माणसाकडे गेली.