शनिवारी दुपारी बाराचा भोंगा

लोअर ऑस्ट्रियातल्या या गावात राहायला आल्यावर पहिल्याच शनिवारी, बाराच्या ठोक्याला भोंगा वाजला. मी गॅस बंद करून गॅलरीत धावले. खाली शेजारीण निवांत कपडे वाळत घालत होती. "चाचणी आहे, दर शनिवारी असते," म्हणाली. १५ सेकंदांत आवाज थांबला, माझी धडधड मात्र बराच वेळ चालू होती.

माझं लहानपण साखर कारखान्याच्या भोंग्यावर गेलं. भोंगा झाला की पाळी सुटली, आई कणीक मळायला घेणार. इथला भोंगा कोणाला बोलावतो, हे कळायला मला दोन महिने लागले.

त्या रात्री आम्ही याच शेजाऱ्यांकडे जेवायला होतो. सूप नुकतंच वाढलं होतं. शेजाऱ्यांच्या कमरेचा पेजर वाजला आणि मागोमाग भोंगा: १५ सेकंद, ७ सेकंद थांबून पुन्हा, मग तिसऱ्यांदा. म्हणजे अग्निशमन दलाला हाक! पेशाने इलेक्ट्रिशियन असलेला हा माणूस चमचा ठेवून उठला, तोवर बायकोने दार उघडून धरलं होतं. ते गेल्यावर तिने त्यांच्या सूपवर ताटली झाकली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही जेवा." दोन तासांनी ते परतले, अंगाला धुराचा वास. तिने काही न विचारता सूप गरम केलं.

पगारी अग्निशमन दल या देशात फक्त सहा शहरांत आहे: व्हिएन्ना, ग्राझ, लिंझ, साल्झबुर्ग, इन्सब्रुक आणि क्लागेनफुर्ट. बाकी गावोगावी अशीच माणसं, बिनपगारी. १२२ वर फोन गेला की नियंत्रण कक्ष त्यांना पेजरवर, मोबाइलवर कळवतो. काम मोठं असेल तर भोंगाही वाजवतो. मग जो तो हातातलं काम टाकून केंद्रावर पोचतो, खुंटीवरचा आपला कोट आणि हेल्मेट चढवतो आणि गाडी निघते.

सगळ्या गावासाठीचे इशारे वेगळे. सलग तीन मिनिटं वाजला तर धोका येतोय, रेडिओ लावा. एक मिनिट चढउतार करत वाजला तर घरात आसरा घ्या. एक मिनिट सलग म्हणजे संकट टळलं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी देशभर हे तिन्ही वाजवून बघतात.

सप्टेंबर २०२४ च्या पुरात आमचा अख्खा प्रांत आपत्तिग्रस्त जाहीर झाला. त्या पुरात काम करताना या प्रांतातला एक अग्निशमन जवान गेला. तेव्हापासून भोंगा ऐकला की मला ती ताटली आठवते.

आता शनिवारी बारा वाजता माझी लेक मोठ्याने पंधरापर्यंत मोजते. नंतरचे सात आकडे मात्र मी मनात मोजते. दुसरा भोंगा झाला नाही, की पानं घेते.