इंधनाचा परवाना आणि राज्याकडे ठेवावा लागणारा जामीन

अमेरिकेत पेट्रोल-डिझेलच्या घाऊक व्यवसायात उतरणाऱ्याला परवान्याच्या अर्जासोबत बहुतेक राज्यांत महसूल खात्याकडे शुअरिटी बॉण्ड, म्हणजे व्यापाऱ्याने कर न भरल्यास तो आपण भरू अशी जामीनदार कंपनीची लेखी हमी, दाखल करावा लागतो. नवे अर्जदार त्याकडे विम्याचाच एक प्रकार म्हणून पाहतात. प्रीमियम भरायचा, कागद घ्यायचा आणि उद्या काही बिनसले तर कंपनी पैसे देईल, असा त्यांचा हिशेब असतो. इंधन व्यापाऱ्यांच्या हिशेबाची कामे करताना हा समज मला सतत भेटतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

कंपनी पैसे देते हे खरे आहे, परंतु ती ते राज्याला देते आणि नंतर व्यापाऱ्याकडून वसूल करते. बॉण्ड देण्यापूर्वी जामीनदार कंपनी व्यापाऱ्याकडून भरपाईचा करार लिहून घेते. त्यावर बहुधा मालकाची, आणि पुष्कळदा त्याच्या पत्नीची किंवा पतीचीही, वैयक्तिक सही असते. त्यामुळे राज्याने बॉण्डवर दावा केला आणि कंपनीने तो भागवला, तरी व्यापाऱ्याचे कर्ज फिटत नाही, केवळ सावकार बदलतो. विम्याच्या प्रीमियममध्ये होणाऱ्या नुकसानाचा अंदाज धरलेला असतो. येथे मात्र नुकसान होऊ नये हीच कंपनीची अपेक्षा असते, आणि म्हणूनच ती अर्जदाराची पत, ताळेबंद आणि हाताशी असलेली रोकड बारकाईने तपासते.

राज्य एवढी काळजी का घेते, हे आकड्यांवरून कळते. इंधनावरचा मुख्य कर बहुतेक राज्यांत किमतीवर नसून गॅलनवर असतो. टेक्सासमध्ये पेट्रोल आणि डिझेल या दोन्हींवर १९९१ पासून गॅलनमागे २० सेंट राज्य कर आहे. आठ हजार गॅलनचा एक टँकर धरला तर त्यावर १,६०० डॉलर कर होतो. महिन्याला असे शंभर टँकर विकणाऱ्याच्या हातून १,६०,००० डॉलर जातात आणि त्यांतला एकही त्याचा स्वतःचा नसतो. घाऊक व्यापारात गॅलनमागे सुटणारा नफा पाहता कराची ही रक्कम त्याच्या डोळ्यांत भरण्याजोगीच असते. रोकडीची चणचण भासली की ती ‘थोडे दिवस’ वापरण्याचा मोह होतो, आणि बहुतेक दावे नेमके येथूनच सुरू होतात असे माझे मत आहे.

मोहापलीकडची उदाहरणेही आहेत. १९८० च्या दशकात न्यूयॉर्क परिसरात इंधन कर बुडवण्याचा मोठा धंदा चालला. परवानाधारकांमध्ये होणारी विक्री करमुक्त असे आणि साखळीतल्या शेवटच्याने कर भरायचा असे. इंधन प्रत्यक्षात जागचे न हलताही कागदोपत्री चार-पाच कंपन्यांमधून फिरे. त्यांतली एक नावापुरती कंपनी ‘कर भरला’ असे बिल फाडी आणि खात्याचे लोक दारात पोहोचेपर्यंत नाहीशी होई. संघटित गुन्हेगारीतल्या टोळ्यांनी यात भरपूर पैसा केला. कोलंबो टोळीचा मायकेल फ्रँझीस याने १९८६ मध्ये अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला. तेव्हापासून महसूल खात्यांचा विश्वास पानिपतात गेला तो गेलाच. करवसुलीची जागा हळूहळू वर, म्हणजे जेथे टँकर भरले जातात त्या टर्मिनलच्या रॅककडे सरकली. संघराज्याचा पेट्रोलवरचा कर १९८८ पासून आणि डिझेलवरचा १९९४ पासून तेथे आकारला जाऊ लागला, आणि अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. करदाते थोडे झाले, पण प्रत्येकाकडची रक्कम प्रचंड झाली. नॉर्थ कॅरोलिनात रिफायनरी किंवा टर्मिनल चालवणाऱ्याकडून वीस लाख डॉलरचा बॉण्ड मागितला जातो, तो यामुळेच.

टेक्सासचा नियम मला तर्कशुद्ध वाटतो. परवानाधारकाने एका विवरण काळात, म्हणजे ज्या महिन्याचा कराचा हिशेब खात्याला द्यायचा त्या महिन्यात, करमुक्त घेतलेल्या इंधनावर जास्तीत जास्त जितका कर लागू शकेल, त्याच्या दुप्पट बॉण्ड ठरतो. किमान ३०,००० डॉलर आणि कमाल ६,००,००० डॉलर, आणि महसुलाला विशेष धोका दिसला तर कम्प्ट्रोलरला, म्हणजे राज्याच्या करवसुली अधिकाऱ्याला, त्याहून अधिकही मागता येतो. वरच्या उदाहरणातले सगळे इंधन करमुक्त घेतलेले असेल, तर बॉण्ड ३,२०,००० डॉलरचा होईल. दुप्पट का, तर विवरण चुकल्याचे खात्याच्या लक्षात येईपर्यंत दुसरा महिनाही सरत आलेला असतो. प्रीमियम शेकडा दोन धरला तर वर्षाला ६,४०० डॉलर खर्च येतो. पत कच्ची असेल तर दर चढतो, शिवाय कंपनी रोख तारणही मागते. चार वर्षे सलग चोख व्यवहार ठेवणाऱ्याला अर्ज करून हा बॉण्ड सोडवून घेता येतो, ही तरतूद पुष्कळांच्या गावीही नसते.

कराचा दर वाढला की हे गणित बदलते, आणि याकडे हमखास दुर्लक्ष होते. इलिनॉयने १ जुलै २०१९ रोजी पेट्रोलवरचा कर १९ सेंटवरून ३८ सेंटवर नेला. विक्री एका गॅलननेही न वाढता व्यापाऱ्याच्या हातातली राज्याची रक्कम एका दिवसात दुप्पट झाली. जेथे बॉण्ड कराच्या पटीत मोजला जातो, तेथे अशा वाढीनंतर जुना बॉण्ड अपुरा पडतो. इंधनाची किंमत कितीही चढली-उतरली तरी गॅलनवरच्या करावर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून व्यापाऱ्याने बाजारभावाइतकीच नजर विधिमंडळाच्या निर्णयांवरही ठेवावी.

जमिनीखालच्या टाक्यांचा विषय निराळा आहे. तेथे गळतीच्या सफाईसाठी संघराज्याच्या पर्यावरण संस्थेच्या नियमांनुसार आर्थिक तयारी दाखवावी लागते, पेट्रोल पंपांसाठी दर घटनेमागे दहा लाख डॉलरची. शुअरिटी बॉण्ड हा त्याचा एक मान्य मार्ग आहे, पण कराचा बॉण्ड त्यासाठी चालत नाही.

आणखी एक गोष्ट करारातच वाचून ठेवावी. जामीनदार कंपनी ठरावीक मुदतीची लेखी सूचना देऊन बॉण्डमधून बाहेर पडू शकते. त्या तारखेपर्यंत साचलेल्या कराची जबाबदारी तिच्यावर राहते, पण मुदत संपण्याआधी नवा बॉण्ड दाखल झाला नाही तर परवाना जातो. सूचना हाती पडल्यावर नवी कंपनी शोधायची, तिला ताळेबंद दाखवायचे आणि तिचा होकार मिळवायचा, एवढे सगळे त्याच मुदतीत बसवावे लागते. लेखापरीक्षित ताळेबंद तयार नसेल तर ते क्वचितच जमते.