परत पाठवलेले बेणे

श्रीवर्धनच्या माझ्या रोपवाटिकेत पानवेलीच्या बेण्याला खरी मागणी येते ती पाऊस ओसरल्यावर. पोफळीच्या वाडीत सावली, ओल आणि चढायला खोड हे सारे आयते मिळत असल्याने वेल तिथे मानवते. पण त्याच ओलीत मूळकुजीची फायटोफ्थोरा बुरशीही फोफावते आणि भाद्रपद सरता सरता बागायतदार नवे बेणे शोधू लागतात.

अशाच एका सकाळी मुरूडकडचे एक काका टेम्पोतून बेण्याच्या जुड्या घेऊन आले. "पानं बघा कशी तुकतुकीत आहेत, एवढी रुजवून द्या," म्हणाले. पाने देखणी होती हे खरे. मी मात्र आधी पेरे पाहतो. वर चढणाऱ्या खोडाच्या पेरांवर बारीक मुळांचे झुपके असतात, आणि इथे कित्येक काड्यांची पेरे साफ गुळगुळीत होती. आडव्या फांद्यांच्या अशा काड्या रुजल्या तरी पोफळीला धरत नाहीत, बुंध्याशीच झुडपासारख्या पसरतात. त्या बाजूला काढून उरलेल्यांतली एक काडी तिरकी कापली, तर आत पुढच्या पेरापर्यंत गेलेली काळपट रेघ दिसली, आणि नखाने दाबताच साल पिचकून पाणी सुटले.

पानवेलीची सारी लागवड काडीचीच असल्याने रोगी वेलीची काडी रोगासह येते. मी सगळा माल जाळून टाकायला सांगितला. "अहो, भाडं भरून आणलंय, निम्मी तरी ठेवा," असे काकांनी परोपरीने विनवले. भाडे बुडाले याचे मलाही वाईट वाटले, पण ती बुरशी माझ्या मातीत शिरली असती तर नुसत्या भाड्यावर भागले नसते.

दुपारी दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून त्यांच्याच वाडीत गेलो. पाणी तुंबणाऱ्या सखल भागातल्या वेली गेल्या होत्या, बांधाकडच्या उंचवट्यावरच्या मात्र निरोगी होत्या. त्यांच्या शेंड्याकडच्या, तीन ते पाच पेरांच्या काड्या काढल्या. दहा लिटर पाण्याला 50 ग्रॅम मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आणि 50 ग्रॅम चुना घेऊन बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक केले. त्यात कोयत्याचे पाते बुडवताच त्यावर तांबूस पुट चढले, म्हणजे चुना कमी पडला होता. आणखी चुन्याची निवळी घालून पाते स्वच्छ निघाल्यावरच काड्या बुडवल्या.

सखल भागात चर खणल्याशिवाय रोपे देणार नाही, हे मी निघतानाच बजावले होते. काकांनी कुरकुर केली. पण चर खणून झाल्यावरच त्यांचा टेम्पो रोपे न्यायला आला.