डार्क साइड: सात स्क्रीन, चौरस कागद आणि पाऊण मिलिमीटर

शुक्रवारी रात्री अकरा वाजता ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा पहिला खणखणीत प्रिंट फ्रेमखालून निघाला. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या अल्बमांचे मी स्क्रीन प्रिंट काढतेय, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई ओढून कागदावर छापलेले. त्यांच्या पंधरा स्टुडिओ अल्बमांपैकी हा आठवा. आधीचे सात मिळून जेवढा वेळ गेला, तेवढा या एकाने खाल्ला.

मांडणी आधीचीच. १५ इंची चौरस कागद, त्यावर खऱ्या एलपीएवढी १२ इंची तबकडी. डावा अर्धा साइड वन, उजवा अर्धा साइड टू, आणि गाणं जेवढं लांब तेवढा त्याचा पट्टा रुंद. ‘मेडल’ म्हणूनच झटक्यात झाला होता. त्यातलं ‘एकोज’ हे गाणं तेवीस मिनिटांच्या वर चालतं आणि अख्खी साइड टू व्यापतं, म्हणजे उजवा अर्धा सलग एका रंगाचा. ‘अ‍ॅटम हार्ट मदर’चा डावा अर्धाही तसाच. ते दोन्ही प्रिंट शेजारी लावले की एकमेकांचे जोडीदार वाटतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

‘डार्क साइड’मध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच गाणी. १९७३च्या मूळ कव्हरवर प्रिझममधून सहाच रंग बाहेर पडतात, पारवा त्यात नाही. म्हणून पाच रंग पट्ट्यांना, सहावा जांभळा मधल्या लेबलाला, आणि शेवटी काळी पार्श्वभूमी. एका रंगाला एक जाळी, म्हणजे एकूण सात स्क्रीन. आत्तापर्यंत दोन गाण्यांच्या मध्ये मी एक मिलिमीटरची काळी रेघ ठेवत आले, तबकडीवर दिसते तशी. रजिस्टर, म्हणजे एका रंगाची दुसऱ्याशी जुळणी, थोडं हललं तरी ती रेघ सांभाळून घ्यायची. पण या अल्बममध्ये एका बाजूची गाणी न थांबता एकमेकांत शिरतात. तिथे रेघ मारणं मला पटेना. पट्ट्याला पट्टा भिडलाच पाहिजे.

आणि तो भिडेना. तिसऱ्या रंगापासून पांढरी फट दिसायला लागायची, कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे पाऊण. आधी फ्रेमच्या बिजागऱ्यांवर संशय घेतला. इथे कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवाल्याकडून फ्रेम धरणारे नवीन क्लॅम्प करून आणले. काम इतकं सुबक, की तयार मिळणारे क्लॅम्प मी आता घेणारच नाही. फट तशीच. मग जाळी ढिली असेल म्हणून १२०टीचं, म्हणजे बारीक विणीचं, नवं कापड ताणून घेतलं. फट तशीच. त्यात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, हवा इतकी ओली की स्क्रीनवरचं, उजेडाने घट्ट होणारं कोटिंग दोन दिवस वाळेना, आणि घाईने एक्स्पोज केलेल्या दोन स्क्रीन धुताना पार वाहून गेल्या. चाळीसपैकी एकतीस कागद वाया.

शेवटी सगळे बिघडलेले प्रिंट फरशीवर मांडले आणि भिंगाने एकेक बघितला. निम्म्या कागदांवर फट डावी-उजवीकडे होती, निम्म्यांवर वर-खाली. हात हलत असता तर फट अशी शिस्तीत पडली नसती. दुसऱ्या दिवशी त्यातले चार घेऊन मंगळवार पेठेत गेले, लग्नपत्रिका छापणाऱ्या मामांकडे. त्यांनी प्रिंटकडे बघितलंसुद्धा नाही. कडेची एक पट्टी कापली, एका बाजूने ओल्या फडक्याने पुसली आणि ती कुठल्या अंगाने वळते ते दाखवलं.

“ताई, निम्मा कागद उभा कापलाय, निम्मा आडवा. रजिस्टर कसं जुळणार, सांगा की!”

मशीनच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या अंगाने जास्त फुगतो, उभ्या अंगाने अगदी थोडा. माझी शाई पाण्याची, वर हा पावसाळा. आयताकृती कागद असता तर गठ्ठ्यात फिरलेला लगेच दिसला असता, चौरस कागद काही सांगत नाही. कागदवाल्याने मोठ्या शीट कापताना तुकडे फिरवून रचले होते. ३०० जीएसएमच्या जाड आयव्हरी कागदाचे पैसे मोजून घेताना एवढी काळजी त्याने घ्यायला हवी होती, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. आता मोठी शीट घरी आणते, कापायच्या आधी पाठीवर पेन्सिलीने तंतूंच्या दिशेने बाण काढते आणि रात्रभर खोलीत दोरीवर चिमट्याने टांगून ठेवते, म्हणजे कागद खोलीच्या हवेला सरावतो.

एवढ्याने फट पाव मिलिमीटरवर आली. पुढचं आपसूक घडलं. चाचणीसाठी हिरव्याचा पट्टा पॉझिटिव्हवर, म्हणजे ज्या काळ्या चित्रावरून स्क्रीन तयार होते त्यावर, दोन मिलिमीटर वाढवला होता, आणि त्या दिवशी शाईत तिला पारदर्शक करणारा ट्रान्स्परंट बेस जरा जास्त पडला. पिवळ्यावर हिरवा चढला तिथे तरव्यातल्या भातासारखा पोपटी रंग उमटला! एक गाणं संपत नाही तोवर दुसरं सुरू होतं, तो नेमका क्षण कागदावर होता. मी स्क्वीजी, शाई ओढायची रबरी पट्टी, खाली ठेवली आणि बराच वेळ नुसती बघत बसले.

मग सगळेच पट्टे दोन-दोन मिलिमीटर एकमेकांवर चढवले. पिवळा, नारिंगी, तांबडा, हिरवा, निळा, जांभळा, शेवटी काळा, या क्रमाने. पाव मिलिमीटरची चूक आता त्या चढात कुठे मुरते ते शोधूनही सापडत नाही. पॉझिटिव्ह मात्र फिल्मवरच काढा. बटर पेपरवरचा काळा इतक्या बारीक कडेला पुरत नाही.

नववा ‘विश यू वेअर हिअर’. त्यात ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ दोन तुकड्यांत, सुरुवातीला आणि शेवटी. डाव्या अर्ध्याचा बाहेरचा पट्टा आणि उजव्या अर्ध्याचा आतला पट्टा एकाच शाईत. ‘अ‍ॅनिमल्स’मध्येही ‘पिग्ज ऑन द विंग’ असंच दोन टोकांना आहे, पण त्याचा पट्टा आठ मिलिमीटरलाही कमी पडतो, त्यात दोन मिलिमीटर चढ फार होईल. तिथे काळी रेघ परत आणणार होते.

हे लिहिता लिहिता ‘द वॉल’चं सुचलं. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस अर्धवट तुटणारं वाक्य पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला पूर्ण होतं. तो डबल अल्बम, म्हणजे दोन तबकड्या, दोन कागद. दुसऱ्या कागदाचा शेवटचा पट्टा आणि पहिल्याचा पहिला पट्टा एकाच वेळी कालवलेल्या शाईने छापायचे. त्यासाठी दोन्ही कागद एकाच शीटमधून निघायला हवेत, बाण एकाच दिशेने. ‘अ‍ॅनिमल्स’ थांबू दे. उद्या आधी शीट आणते.